रेडियस सगळ्यात शेवटी

आमच्या कारखान्यात माझं मॉडेल सहसा फुटत नसे, आणि म्हणून माझ्या टेबलापाशी कुणी येत नसे. यातल्या पहिल्या गोष्टीचा मला इतका अभिमान होता की दुसरी गोष्ट ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

कारखाना सातपूरला. प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे आम्ही बनवत असू. मिक्सरचं झाकण, स्विचचा डबा, मोटारीच्या आरशामागचं कवच, अशा वस्तू, ज्यांच्याकडे घरात कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मी डिप्लोमा करून लागले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड होते. नव्वदचं दशक संपत आलं तसं आमच्या साहेबांनी, म्हणजे मालकांनी, बोर्ड गोदामात टाकले आणि दोन कॉम्प्युटर आणले. त्यांच्यासाठी टूलरूमच्या, म्हणजे साचे कापायच्या-घासायच्या खात्याच्या, कोपऱ्यात काचेची केबिन बांधली, एसी बसवला आणि दारावर पाटी लावली की चपला-बूट बाहेर काढावेत. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती. मशिनवरच्या माणसांना बूट काढायचा कंटाळा. ती काचेवर टकटक करायची आणि बाहेरूनच खुणेनं बोलायची. मी वर्षानुवर्षं माणसांचे नुसते ओठ हलताना पाहिलेत. आत आवाज फक्त एसीचा.

त्या सॉफ्टवेअरबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कागदावर आपण चित्र काढतो तसं त्यात काढायचं नसतं. आधी एक आकार उभा करायचा, मग त्यात भोक पाडायचं, आतून आधाराच्या पट्ट्या, म्हणजे रिब, जोडायच्या, कडा गोल करायच्या. केलेली प्रत्येक गोष्ट पडद्याच्या डाव्या बाजूला एकाखाली एक नोंदली जाते. एकेका गोष्टीला फीचर म्हणतात आणि त्या सगळ्या नोंदींना फीचर ट्री. आम्ही नुसतं झाड म्हणायचो. गंमत अशी की हा इतिहास बदलता येतो. वर जाऊन पहिल्या आकाराची लांबी बदलली की खालचं सगळं नव्या लांबीवर पुन्हा उभं राहतं. भोक सरकतं, रिब लांबते. मात्र त्यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधारानं उभी असते. भोक एखाद्या कडेपासून मोजलेलं असलं आणि तुम्ही ती कडच नाहीशी केलीत, तर भोकाला आपण कुठं आहोत ते कळत नाही. मग झाडात लाल खुणा उमटतात, एकामागून एक, थेट खालपर्यंत. यालाच आम्ही मॉडेल फुटणं म्हणायचो.

माझे नियम ठरलेले होते. स्केच काढायचं ते मूळच्या तीन प्लेनवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं आधीच दिलेल्या आणि कधीही न हलणाऱ्या पातळ्यांवर. जवळ दिसली म्हणून वाटेल त्या कडेला धरायचं नाही. प्रत्येक फीचरला नाव द्यायचं, सॉफ्टवेअरनं दिलेल्या आकड्यावर भागवायचं नाही. एखादी गोष्ट नको झाली तर पुसायची नाही, सप्रेस करायची, म्हणजे झोपवून ठेवायची, कारण पुसली की तिच्यावर उभं असलेलं सगळं तिच्याबरोबर जातं. आणि कडांची गोलाई, जिला कारखान्यात रेडियस म्हणतात, ती सगळ्यात शेवटी. गोल केलेल्या कडेवर भरवसा ठेवून काही उभं करता येत नाही. हे सगळं मी इंग्रजी मॅन्युअल शब्दकोश घेऊन वाचून काढलं होतं. शिवाय माझा स्वभावच तसला. आमच्या घरच्या डब्यांवरसुद्धा मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आई म्हणायची, "साखरेच्या डब्यावर साखर लिहून काय होतं? उघडल्यावर दिसतंच की."

घर मखमलाबादच्या रस्त्याला, मळ्यात. आमची फुलशेती. गुलाब, शेवंती, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. घर भरलेलं होतं. आई, भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, तोडणीला येणाऱ्या बायका. उजाडायच्या आत फुलं तोडून बाजाराला न्यायची, त्यामुळे मी उठायची तेव्हा सगळ्यांचा अर्धा दिवस झालेला असायचा, आणि मी संध्याकाळी परतायची तेव्हा सगळे जांभया देत असायचे. माझं लग्न राहिलं होतं. दोन-तीन स्थळं आली, त्यांना कारखान्यात पुरुषांमध्ये काम करणारी मुलगी नको होती, आणि मला नोकरी सोडायला सांगणारं घर नको होतं. पुढे कुणी आलं नाही आणि कुणी विचारायचंही थांबलं. पाहुणे आले की वहिनी सांगायची, "आमच्या ताई कॉम्प्युटरवर डिझाइन करतात," आणि पाहुण्या विचारायच्या, "साड्यांचं का?" सुरुवातीला मी साचे समजावून सांगायची. नंतर हो म्हणू लागले.

त्यात आमच्याकडच्या कारखान्यांना सुट्टी शनिवारची. रविवारी घरातले सगळे एकत्र जेवायचे तेव्हा मी केबिनमध्ये डबा उघडत असायची. शनिवारी मी घरी, तर मुलं शाळेत, भाऊ बाजारात, वहिनी मळ्यात. भरल्या घरात एकटं पडायची ही सोय कुणी केली असेल त्याला माझा नमस्कार.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर साहेबांनी टूलरूममधलाच एक मिलिंगवाला, म्हणजे मशिनवर पोलाद कापणारा, आणून बसवला. हाताचा फार चांगला कारागीर, म्हणून बढती. सटाण्याकडचा. बायको आणि मुलं गावी, हा सातपूर कॉलनीत एका खोलीत एकटा. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला मॅडम. बूट काढून आत यायचा तेव्हा मोज्याचा अंगठा बाहेर, आणि त्याची त्याला काही लाज नाही. दिवसभर तो मॉनिटरशी बोलायचा. "अरे बाबा, ऐक ना. कुठं चाललास? लय नाटकं करतो हा." पहिले काही आठवडे मला वाटलं, मी राजीनामा देईन.

त्याची मॉडेलं बघून माझं डोकं उठायचं. तो मिलिंगवर करायचा तेच इथंही करत होता. लोखंडात मागं जाता येत नाही. जास्त कापलं गेलं तर वेल्डिंगनं भरायचं आणि पुन्हा घासायचं, एवढाच रस्ता असतो. त्यामुळे पडद्यावर भोक चुकीच्या जागी पडलं की तो त्या भोकाकडं परत जाऊन माप बदलत नसे. तो ते भोक बुजवायचा आणि शेजारी नवं पाडायचा. तेही चुकलं तर तेही बुजवायचा. बाहेरून पाहिलं तर वस्तू झकास, कुठं ओरखडा नाही. झाड उघडावं तर भोक, बूच, भोक, बूच, रेडियस, त्या रेडियसला धरून रिब, तिच्यावर पुन्हा बूच. नाव एकालाही नाही. वरचा एक आकडा हलवला की सगळं लाल.

आणि त्याचं मॉडेल फुटलं की केबिनमध्ये जत्रा भरायची. साच्याचं काम अडलेलं असायचं, म्हणून टूलरूममधली माणसं बूट काढून आत यायची. फिटर, ग्राइंडिंगवाला, स्टोअरचे काका. सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून आपलं मत द्यायचे. त्यातल्या कुणाला माउस धरता येत नव्हता, पण मत प्रत्येकाला होतं. चहा मागवला जायचा. मग तो खुर्ची वळवून म्हणायचा, "मॅडम, बघता का जरा?" मी कपाळाला आठ्या घालून माझी खुर्ची त्याच्याकडे ओढायची. "भाऊ, हे काय करून ठेवलंत तुम्ही?" असं म्हणताना माझा सूर भांडायचा असे. खरं सांगायचं तर दिवसभर मी त्याच्या हाकेची वाट बघत असायची.

तो मला आवडत होता असं कुणी समजू नये. लोकांनी समजायचं ते समजलंच, पण तसं नव्हतं. दुपारी एकला तो ऑफिसच्या फोनवरून गावी बोलायचा. शेजारच्यांकडे फोन होता, तिथं बायकोला बोलावून घ्यायचा. "जेवन व्हयनं का?" एवढं विचारायचा, आणखी चार शब्द, की ठेवून द्यायचा. मग डबा उघडता उघडता माझ्याकडे बघून म्हणायचा, "तुमचं जेवण झालं का, मॅडम?" समोर माझा उघडा डबा दिसत असायचा, तरी विचारायचा. त्या वर्षांत मला हे रोज विचारणारा माणूस तो एकटाच होता. माझ्या खुर्चीशेजारी कुणीतरी बसावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

मग आरशाच्या कवचाचं प्रकरण झालं. पुण्याचं गिऱ्हाईक होतं, मोठं. कवचाचं मॉडेल त्यानं केलेलं. गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः आला आणि म्हणाला, भिंतीची जाडी थोडी कमी करून दाखवा, प्लास्टिक जास्त जातंय. साधी गोष्ट होती. साहेब मागे उभे, तो पाहुणा मोजे घालून शेजारी उभा. भाऊनं आकडा बदलला आणि सगळं झाड लाल झालं. आतल्या रिब हवेत लटकू लागल्या, एक भोक कवचाच्या बाहेर जाऊन पडलं. पाहुणा हसला नाही, पण त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हणाले की उद्यापर्यंत करून पाठवतो, आणि ते कवच मी पहिल्यापासून नव्यानं बनवलं.

पाहुणा गेल्यावर साहेबांनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघतो. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर तू परत मिलिंगवर. केबिनमध्ये मॅडम एकट्या पुरेत."

तो खाली बघून म्हणाला, "गावाकडं सांगून बसलोय साहेब, कॉम्प्युटरवर हाय म्हणून."

साहेब म्हणाले, "मग जमव." आणि गेले. त्यांना वाटलं असेल की एकट्या पुरेत असं म्हणणं म्हणजे माझं कौतुक झालं. मला मात्र पुढचं दिसायला लागलं. ती केबिन, तो एसी, काचेबाहेर हलणारे ओठ, आणि शेजारी रिकामी खुर्ची. मी दुसऱ्या दिवसापासून त्याला शिकवायला घेतलं.

जेवणानंतरची वेळ ठरली. मी माझी खुर्ची त्याच्या टेबलाला लावायची. सगळ्यात अवघड गेलं ते त्याला मागं जायला लावणं. चूक दिसली की त्याचा हात आपोआप बूच मारायला जायचा.

"भाऊ, ते भोक जिथं पाडलंत तिथं जा. वर. अजून वर."

"मॅडम, झालेलं काम परत कशाला उकरायचं? वरून भरून टाकतो ना. दिसत नाय कुणाला."

"मला दिसतं."

"तुम्हाला काय, तुम्हाला सगळंच दिसतं."

मग मी त्याला झाडातली आडवी रेघ दाखवली. ती रेघ वर नेली की तिच्या खालचं सगळं त्या वेळेपुरतं नाहीसं होतं, आणि एकेक पायरी खाली आणली की वस्तू आपल्यासमोर पुन्हा बनत जाते. कुणाचंही मॉडेल हातात आलं की मी आधी हेच करते. वरून खाली एकदा चालत येते, कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते बघते, मगच आकड्यांना हात लावते. त्याला ती रेघ फार आवडली. कापलेलं लोखंड परत आलेलं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो रेघ खालीवर करत बसला आणि मी त्याला करू दिलं. एरवी मी असला वेळखाऊपणा खपवून घेतला नसता.

नावं द्यायला सांगितली तर त्यानं स्वतःचीच नावं दिली. बाजूला आलेल्या पट्टीला कान, पुढच्या टोकाला नाक, मधल्या पोकळीला पोट, रिबना बरगडी एक, बरगडी दोन. इंग्रजी अक्षरांत ते सगळं झाडात दिसायचं. मी म्हणाले, "हे कवच आहे का गणपती?" तो म्हणाला, "मॅडम, मला ह्याच्यात कळतं. तुमच्या नावांत मला कळत नाय." मी विचार केला आणि राहू दिलं. नाव असणं महत्त्वाचं, आणि नाक म्हटल्यावर ते कुठं असेल हे कुणालाही समजलं असतं.

प्लेन जमले. सप्रेस जमलं. एका फीचरवर फार लेकरं, म्हणजे त्याच्याच आधारानं उभी राहणारी फीचर, लटकवू नयेत, हेही त्याला पटलं. एखादा प्रयोग करण्याआधी फाइलची वेगळी कॉपी ठेवायची सवय लागली. तो दिवसेंदिवस नीटनेटका होत होता आणि हाका कमी होत होत्या. आधी तासातासाला "मॅडम" व्हायचं, मग सकाळी एकदा, दुपारी एकदा. टूलरूममधली माणसं बूट काढून आत येईनाशी झाली. एक दिवस मी माझ्या टेबलावरून त्याची पाठ बघत बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. नाही शिकवलं तर तो दिवाळीनंतर मिलिंगवर जाणार. शिकवलं तर तो इथंच बसेल, पण मला हाक मारायचं त्याला कारण उरणार नाही. दोन्हीकडून खुर्ची ओढून घ्यायचं माझं निमित्त जात होतं.

रेडियस तेवढा राहिला होता. तो अजूनही कडा आधी गोल करायचा. हात तसाच बसलेला, कारण मशिनवर धारदार कड कुणी तशी सोडत नाही, हात कापतो. त्या एका सवयीपायी त्याची मॉडेलं अधूनमधून अजून फुटत होती. मला वाटलं, एवढं राहू द्यावं. साहेबांच्या परीक्षेत तो कसाबसा निभावून जाईल, आणि त्यानंतरही आठवड्यातून एकदा तरी "बघता का जरा" होईल. हा विचार मी दोन-तीन दिवस मनात धरून होते. मग त्यानं एका स्विचच्या डब्याला सुरुवातीलाच चारी कडा गोल केलेल्या दिसल्या आणि माझ्याच्यानं राहवेना. मी खुर्ची ओढली. "भाऊ, रेडियस सगळ्यात शेवटी. आधी कपडा शिवून पुरा करायचा, मग इस्त्री." तो हसला, म्हणाला, "हे आधी का नाय सांगितलं?" मी म्हणाले, "सांगतेय ना आता." त्या दुपारी त्याच्याकडून तीन डबे करून घेतले, तिन्हींना रेडियस शेवटी.

दिवाळी जवळ आली होती, मळ्यात झेंडूची तोडणी चालू होती, तेव्हा पुण्याहून फॅक्स आला. आरशाच्या कवचाची पुढची जोडी त्यानं केली होती. तिची जाडी पुन्हा बदलायची होती आणि बाजूची पट्टी थोडी मोठी करायची होती. साहेब मुद्दाम येऊन त्याच्या मागे उभे राहिले. काचेबाहेर टूलरूम जमली होती, कारण फुटलं तर आत यायचं होतं. तो झाडात वर गेला. कवचाचं पोट शोधलं, जाडी बदलली. मग कान शोधला, तो मोठा केला. पडदा क्षणभर थांबला आणि सगळं जसंच्या तसं नव्या मापावर उभं राहिलं. एकही लाल खूण नाही. साहेब "हं" म्हणाले आणि बाहेर गेले. बाहेरच्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, आत काहीच होत नाही असं बघून तेही आपापल्या मशिनवर गेले. तो माझ्याकडे वळून इतका हसला की मलाही हसू आलं. मनापासून आनंद झाला होता मला. तो खोटा नव्हता.

त्यानंतरचं वर्ष केबिनमध्ये फार शांत गेलं. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसायचो आणि दोघांचीही मॉडेलं फुटत नव्हती. तो मॉनिटरशी बोलायचाही कमी झाला. एकला गावी फोन करायचा, मला जेवणाचं विचारायचा, आणि पुन्हा वळायचा. मी काही वेळा उगाच त्याच्या मागून जाऊन विचारलं, "काही अडलंय का?" तो म्हणायचा, "नाय मॅडम, सगळं ओके." आणि ते खरंच असायचं.

पुण्याच्या गिऱ्हाइकानं ती कवचाची फाइल स्वतःच्या माणसांकडून उघडून घेतली होती. त्यांना ती कुणाला काही न विचारता बदलता आली. मॉडेल कुणी केलं, म्हणून चौकशी झाली, आणि काही महिन्यांनी त्याला तिकडून बोलावणं आलं. चांगली जागा, बायको-मुलांना घेऊन राहता येईल अशी. तो पेढे घेऊन केबिनमध्ये आला. बूट दाराशी काढले, मोजे नवे होते. पेढा माझ्या हातावर ठेवताना पहिल्यांदा ताई म्हणाला. "ताई, हे सगळं तुमच्यामुळं हाय."  मी म्हणाले, "तिकडं गेल्यावर बुचं मारू नका." तो वाकून नमस्कार करायला लागला, मी पाय मागं घेतले.

तो गेला त्या शनिवारी मी शेवंतीच्या वाफ्याशी बसून रडले. कुणी बघणार नाही अशी वेळ निवडली होती, पण आई वाफ्यांना पाणी द्यायला आली. तिनं विचारलं काय झालं.

"ऑफिसातला एक माणूस गेला."

"अगं बाई. वारला?"

"नाही. पुण्याला गेला."

आई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मग रडतेस कशाला? पुणं काय लांब आहे?" तिचं बरोबर होतं. मी डोळे पुसले आणि तिच्या हातातलं फावडं घेतलं.

साहेबांनी त्याच्या जागी कुणाला आणलं नाही. एकट्या मॅडम पुरत होत्याच. त्याच्या टेबलावर मोठी ड्रॉइंगं छापायचा प्लॉटर ठेवला, खुर्ची स्टोअरमध्ये गेली. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या आल्या, जाडे मॉनिटर जाऊन चपटे आले. फॅक्सच्या जागी मेल आले. धुळीनं कॉम्प्युटरला काही होत नाही हे सगळ्यांना कळलं आणि दारावरची पाटी निघाली, पण तोवर माणसांना बाहेरून खुणा करायची सवय लागली होती. माझी मॉडेलं गुजरातपासून चेन्नईपर्यंत जायची. तिथली मुलं ती उघडून हवी तशी बदलायची. कुणाला कधी काही विचारावं लागलं नाही. हे चांगल्या कामाचं लक्षण आहे, असं मी नव्या डिप्लोमावाल्यांना एकदा कॉलेजात जाऊन सांगितलंही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या काळात त्याचा फोन एकदा आला होता, मुलगी दहावी पास झाली तेव्हा. मी अभिनंदन केलं. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही, आणि त्यानं ठेवला. मला कामाशिवाय फोन करता येत नाही. काही बायकांना येतं, वहिनी तासभर बोलू शकते आणि शेवटी "बाकी काही विशेष नाही" म्हणते. मला हातात काहीतरी अडलेलं लागतं.

मग एका दुपारी पुण्याहून मेल आला. दिव्याच्या घराचा, म्हणजे मोटारीचा दिवा ज्यात बसतो त्या कवचाचा, साचा करायचा होता. मॉडेल त्यांनी केलेलं, आम्ही फक्त भिंतीची जाडी बदलून साच्याला योग्य करून घ्यायचं. खाली लिहिलं होतं, मॉडेलबाबत काही शंका असल्यास संपर्क साधावा, आणि त्याखाली त्याचं नाव आणि नंबर. नावापुढे आता मोठं पद होतं. मी मेल तीनदा वाचला. इतक्या मोठ्या मॉडेलमध्ये काहीतरी अडणारच, असं मला वाटलं. त्याचा हात मला माहीत होता. मी खुर्ची पुढे ओढली. फार दिवसांनी मला कामाचा हुरूप आला होता.

रेघ वर नेली आणि एकेक पायरी खाली यायला लागले. पहिलं स्केच मूळ प्लेनवर. दुसरंही. प्रत्येक फीचरला नाव, कंपनीच्या पद्धतीचं, व्यवस्थित. कुठल्याही कडेला उगाच धरलेलं नाही. दोन गोष्टी सप्रेस करून ठेवलेल्या, आणि त्या का ठेवल्या ते शेजारी लिहिलेलं. बूच एकही नाही. मी तळाशी पोचले, तिथं सगळे रेडियस ओळीनं होते, शेवटी.

मी जाडी बदलली. मॉडेल उभं राहिलं. हवी होती त्याहून अर्धी केली, तरी उभं राहिलं. मग मी लांबी वाढवून पाहिली, जी कुणी सांगितली नव्हती. दिव्याचं घर हत्तीएवढं केलं, मग काडेपेटीएवढं केलं. मधला एक आकार तिरका केला. दुपारभर मी त्या मॉडेलला फोडायला बघत होते. ते दर वेळी पडद्यावर शांतपणे नव्यानं उभं राहायचं. चहावाला आला, कप ठेवून गेला, चहा निवला. शेवटी मी सगळे आकडे पूर्ववत केले, सांगितलेली जाडी घातली आणि फाइल सेव्ह केली.

रिसीव्हर उचलला होता मी. नंबर अर्धा दाबलाही होता. त्यानं तिकडून विचारलं असतं, "काय झालं ताई, फुटलं का?" आणि मला नाही म्हणावं लागलं असतं. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि मेलला उत्तर लिहिलं. जाडी बदलली आहे, फाइल सोबत जोडली आहे, मॉडेलबाबत शंका नाही.